निक्षेप आणि पण : सागरपार जुगारस्थळांना दिलेल्या बँकतपशिलाचा इतिहास

मनुस्मृतीत व्यवहाराची जी अठरा पदे गणलेली आहेत त्यांत निक्षेप हे एक पद आहे आणि द्यूतसमाह्वय हे दुसरे. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविलेले धन. ते मागताक्षणी परत द्यावयाचे असते आणि जो देत नाही तो दंडास पात्र होतो. द्यूतात लावलेला पण हा याच्या नेमका उलट. तो लावताना धनावरील हक्क सशर्त सोडलेला असतो. स्मृतिकारांनी ही दोन पदे एकमेकांपासून दूर ठेवली, आणि जुगारी माणसाच्या व्यवहारातही ती कित्येक शतके दूरच राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मात्र अशी जुगारगृहे निर्माण झाली की ज्यांच्या दारात शिरतानाच पण लावणाऱ्यास आधी निक्षेप ठेवावा लागतो. त्याच्याशी आपल्या बँकखात्याचा वा कार्डाचा तपशीलही द्यावा लागतो. इंग्रजीतील ‘डिपॉझिट’ हा एकच शब्द तेथे दोन्ही अर्थ वाहतो. मराठीत त्याच्यासाठी ‘जमा’ किंवा ‘ठेव’ म्हटले जाते, आणि पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यास ‘शिल्लक’. हे तिन्ही शब्द सावकारी आणि बँकेच्या भाषेतील असल्यामुळे त्यांच्याबरोबर एक आश्वासन आपोआप येते. ते आश्वासन कितपत खरे ठरले, याचा शोध १९९४ नंतरच्या घटनांत घ्यावा लागतो.

प्रथम ‘ऑफशोअर’ या शब्दाविषयी. मराठी वृत्तपत्रांनी तो जसाच्या तसा उचलला आहे, आणि त्यामुळे काहीसा घोटाळा होतो. गोव्यात १९७६च्या सार्वजनिक जुगार कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन जहाजांवरील खेळांस परवानगी मिळाली. तेव्हापासून मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो-नौकांनाही तेथे ‘ऑफशोअर’ म्हणतात. परंतु त्या नौका पणजीच्या बांधावरून डोळ्यांना दिसतात. त्यांचा परवाना पणजीतच मिळतो आणि तक्रार घेऊन जावयाचे झाल्यास वाट ठाऊक असते. प्रस्तुत निबंधात ज्यांचा विचार करावयाचा ती जुगारस्थळे या अर्थाने किनाऱ्यापासून दूर नाहीत, तर कायद्यापासून दूर आहेत. खेळणारा एका देशात, परवाना दुसऱ्या देशाचा, यंत्रे तिसऱ्या देशात आणि पैसा स्वीकारणारी पेढी चौथ्याच देशात, अशी त्यांची रचना असते. त्यांना ‘सागरपार जुगारस्थळे’ म्हणणे अधिक योग्य होईल.

तुलनेसाठी मुंबईच्या मटक्याचे उदाहरण घेता येते. न्यूयॉर्क कापूसबाजारातील भावांच्या आकड्यांवर मुंबईत जो सट्टा चाले तो १९६० नंतरच्या दोनतीन वर्षांत बंद पडला आणि त्याची जागा मडक्यातून, व पुढे पत्त्यांच्या जुडीतून, काढलेल्या आकड्यांनी घेतली. हा धंदा बेकायदेशीर होता, आणि त्याने कित्येक गिरणी-कामगारांच्या घरांचे वाटोळे केले हे सर्वश्रुत आहे. तथापि येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळी. पंटर बुकीच्या हाती देई ते रोख पैसे, आणि बदल्यात घेई ती आकडा लिहिलेली चिठ्ठी. बुकीस त्याचे नाव ठाऊक असण्याचीही गरज नव्हती. जे गमवावयाचे ते हातातील रकमेपुरतेच राही, आणि बुकी त्याच गल्लीत बसत असल्याने जिंकलेला पैसा बुडविणे त्याला परवडत नसे. बुकीची पत म्हणजे त्याचे गल्लीतील तोंड, असे म्हणावयास हरकत नाही.

सागरपार पद्धतीचा आरंभ कॅरिबियन समुद्रातील दोन बेटांवर झाला. नेदरलँड्सच्या अधिपत्याखालील कुरसाव बेटाने १९९३ मध्ये सागरपार जुगाराविषयी कायदा केला, आणि १९९४ मध्ये अँटिग्वाने मुक्त व्यापार व प्रक्रिया क्षेत्राचा कायदा करून परवाने देण्यास प्रारंभ केला. दोन्ही बेटांची गरज एकच होती. उत्पन्नाची नवी साधने हवी होती, आणि परवान्याचे शुल्क हे बसल्या जागी मिळणारे उत्पन्न होते. अँटिग्वाने या धंद्याच्या संरक्षणासाठी २००३ मध्ये अमेरिकेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रारही केली. त्या वादात लवादाने २००७ मध्ये अँटिग्वाला वर्षास २ कोटी १० लक्ष डॉलरपर्यंत सवलती स्थगित करण्याचा अधिकार दिला. हा वाद आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांस मनोरंजक वाटेल, परंतु तो दोन राज्यांमधला होता. पण लावणाऱ्याच्या पैशाचे काय, हा प्रश्न त्यात कोणी उपस्थित केला नाही.

कुरसावची पद्धत अधिक विचार करण्यासारखी आहे. तेथील शासनाने मोजक्याच कंपन्यांना मुख्य परवाने दिले, आणि त्या मुख्य परवानाधारकांना आपल्या परवान्याखाली इतरांना उपपरवाने देण्याची मोकळीक राहिली. परिणामी शेकडो जुगारस्थळांच्या तळाशी कुरसावची मुद्रा दिसू लागली, परंतु त्यांपैकी बहुतेकांशी शासनाचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. खेळणाऱ्याने तक्रार करावी ती ज्याने उपपरवाना विकला त्याच्याकडेच, असा हा प्रकार. आपल्याकडील खोतीच्या पद्धतीशी याचे साम्य सहज सुचते, मात्र खोत निदान गावात राहत असे. ही व्यवस्था तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. २४ डिसेंबर २०२४ रोजी नवा कायदा अंमलात येऊन परवान्याचा अधिकार एका शासकीय प्राधिकरणाकडे गेला तेव्हाच ती संपुष्टात आली.

आता मुख्य विषयाकडे वळू. आरंभीची काही वर्षे पैसा मुख्यतः क्रेडिट कार्डांनी जाई. कार्डांच्या व्यवहारात प्रत्येक व्यापाऱ्यास त्याच्या धंद्याचा एक सांकेतिक अंक असतो आणि जुगारासाठी तो ७९९५ हा आहे. या अंकामुळे बँकेला आपला खातेदार जुगारात पैसा पाठवीत आहे हे कळत असे, आणि म्हणूनच बँकेला तो व्यवहार अडविताही येत असे. जून २००२ मध्ये सिटीबँकेने न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याशी करार करून असे व्यवहार अडविण्याचे मान्य केले. त्याच वर्षी पेपॅलनेही या धंद्यातून अंग काढून घेतले. येथून पुढे पण लावणारा आणि जुगारस्थळ यांच्या दरम्यान तिसरा पक्ष आला. नेटेलर ही त्यांपैकी प्रमुख पेढी. तिचा उगम कॅनडात असून पुढे ती मॅन बेटावर स्थिरावली. खेळणारा आपल्या बँकेचा खातेक्रमांक नेटेलरला देई, नेटेलर त्याच्या खात्यातून पैसा ओढून घेई, आणि जुगारस्थळाकडे तो आपल्या नावाने पाठवी. बँकेच्या वहीत जुगार हा शब्द उरला नाही. जानेवारी २००७ मध्ये नेटेलरच्या दोघा संस्थापकांस अमेरिकेत अटक झाली आणि तेथील ग्राहकांचा पैसा मध्येच अडकून पडला. जुलै २००७ मध्ये पेढीने १३ कोटी ६० लक्ष डॉलर शासनजमा करण्याचे मान्य केले आणि ग्राहकांचा पैसा परत करण्यास सुरुवात केली. हा पैसा कोणी चोरला नव्हता, की कोणाचा खातेक्रमांकही फुटला नव्हता. जो दुवा पैसा वाहून नेत होता तोच तुटला, एवढेच झाले.

१३ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेत बेकायदेशीर इंटरनेट जुगार-प्रवर्तनाचा कायदा झाला. बंदरांच्या सुरक्षिततेच्या विधेयकास तो शेवटच्या क्षणी जोडण्यात आला होता. त्याचे वैशिष्ट्य असे की त्याने पण लावणाऱ्यास हात लावला नाही. पैसा स्वीकारण्यावर बंदी घातली. काही कंपन्या अमेरिकेतून निघून गेल्या. ज्या राहिल्या त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो वस्तुतः भाषेचा होता. बँकेच्या वहीत या व्यवहारास म्हणावयाचे काय? १५ एप्रिल २०११ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय वकिलांनी पोकरस्टार्स, फुल टिल्ट पोकर व अ‍ॅब्सोल्यूट पोकर या तीन स्थळांच्या चालकांसह अकरा जणांवर जे आरोपपत्र जाहीर केले त्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते. दागिने, गोल्फचे चेंडू अशा वस्तू विकणारी म्हणून अस्तित्वात नसलेली दुकाने उभी करण्यात आली, आणि पत्त्यांच्या खेळातील पैसा त्या दुकानांतील खरेदी म्हणून बँकांपुढे ठेवण्यात आला, असा आरोप होता. पुढे मध्यस्थांनी यूटा राज्यातील सनफर्स्ट या लहानशा बँकेच्या एका भागधारकास गाठले. बँकेत १ कोटी डॉलर गुंतविण्याच्या बदल्यात जाणूनबुजून हे व्यवहार स्वीकारण्याचे ठरले, असे आरोपपत्र म्हणते. ती बँक नोव्हेंबर २०११ मध्ये बंद पडली.

या खोट्या नामकरणाचा परिणाम केवळ बँकेपुरता राहिला असता तर त्याचा येथे इतका विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्याचे खाते त्याच्याच वहीत ती खोटी नोंद बसत होती. एखाद्या खातेदारास आपल्या नावे पडलेली रक्कम चुकीची वाटली तर त्याने बँकेला काय सांगावे? आपण गोल्फचे चेंडू मागविले नाहीत हे खरे, परंतु ते सिद्ध करताना आपण काय मागविले हे सांगणे भाग पडते. खातेदाराच्या तक्रारीचा पाया म्हणजे नोंद आणि व्यवहार यांतील मेळ. तो मेळ येथे आरंभापासूनच मोडलेला होता. खातेक्रमांक कोणाच्या हाती पडला याहून त्या क्रमांकासमोर कोणता शब्द लिहिला गेला, ही बाब अधिक धोक्याची ठरली असे दिसते.

फुल टिल्ट पोकरचे प्रकरण या साऱ्या इतिहासात सर्वांत बोधक आहे. हे स्थळ २००४ मध्ये सुरू झाले. त्याचा परवाना इंग्लिश खाडीतील ऑल्डर्नी या चिमुकल्या बेटाच्या जुगार नियंत्रण आयोगाचा होता, आणि हा आयोग कुरसावच्या मानाने प्रतिष्ठित मानला जाई. खेळाडूंचा पैसा सुरक्षित असून केव्हाही काढता येतो असे स्थळाचे जाहीर वचन होते. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकी शासनाने सुधारून दाखल केलेल्या वादपत्राप्रमाणे ३१ मार्च २०११ रोजी हे स्थळ जगभरच्या खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होते, आणि त्याच्या बँकखात्यांत सुमारे ६ कोटी डॉलर होते. एप्रिल २००७ पासून मालकांना व संचालकांना सुमारे ४४ कोटी डॉलर वाटण्यात आले होते. निक्षेप म्हणून आलेला पैसा नफ्याबरोबर एकाच हंड्यात ओतला गेला होता, आणि हंड्यातून काढताना कोणता थेंब कोणाचा याची चौकशी झाली नव्हती.

त्याच वादपत्रात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती ऐकून जुन्या सराफांनीही आश्चर्य केले असते. २०१० मध्ये मध्यस्थ एकामागून एक बंद पडू लागले, तेव्हा फुल टिल्टला अमेरिकी खेळाडूंच्या बँकखात्यांतून पैसा ओढणे अशक्य झाले. तरीही खेळाडूने रक्कम भरण्याची सूचना देताच स्थळ त्याच्या पडद्यावरील शिल्लक वाढवीत राहिले. बँकेतून एक छदामही आलेला नसे. या भासमान पैशावर डाव खेळले गेले, काही जण जिंकले, आणि जिंकलेल्यांनी खरा पैसा मागितला. ही तूट सुमारे १३ कोटी डॉलरपर्यंत गेली. ज्या खेळाडूने आपला खातेक्रमांक निर्धास्तपणे दिला होता त्याची येथे फसवणूक झाली ती त्याच्या खात्यातून पैसा काढून नव्हे. समोरच्या आसनावर बसलेल्या, नाव न ठाऊक असलेल्या दुसऱ्या खेळाडूच्या खात्यातून पैसा न काढल्यामुळे ती झाली. आपल्या तपशिलाची काळजी घेऊन या धोक्यापासून कोणासही बचाव करता आला नसता.

ऑल्डर्नीच्या आयोगाने २९ जून २०११ रोजी परवाना स्थगित केला व सप्टेंबरमध्ये रद्द केला. म्हणजे अमेरिकेतील आरोपपत्रानंतर दोन महिन्यांहून अधिक काळ गेला, आणि तोवर पैसा उरला नव्हता. पोकरस्टार्सवर त्याच दिवशी, त्याच कायद्याखाली आरोप ठेवले गेले होते. परंतु त्याने आपल्या अमेरिकी खेळाडूंचे पैसे काही आठवड्यांतच परत केले. हा भेद नीतिमत्तेचा होता असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण बँकांना फसविण्याचा आरोप दोघांवर सारखाच होता. पोकरस्टार्सचा परवाना मॅन बेटाचा होता, आणि तेथील नियमांनी खेळाडूंचा पैसा चालकाच्या पैशापासून अलग राखण्याची अट घातली होती. ऑल्डर्नीच्या नियमांत त्या काळी ती अट नव्हती. निक्षेप आणि पण यांची दोन पदे एका बेटाने वेगळी ठेवली आणि दुसऱ्याने ठेवली नाहीत, हाच काय तो फरक.

पुढे जुलै २०१२ मध्ये पोकरस्टार्सने दोष मान्य न करता ७३ कोटी १० लक्ष डॉलरची तडजोड केली आणि फुल टिल्ट ताब्यात घेतले. त्यांतील १८ कोटी ४० लक्ष डॉलर अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंना परत करावयाचे होते. त्या खेळाडूंना नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या शिलकी पाहावयास मिळाल्या. अमेरिकी खेळाडूंना पहिले पैसे फेब्रुवारी २०१४ मध्ये मिळाले. अ‍ॅब्सोल्यूट पोकरच्या खेळाडूंना तर परतफेडीची घोषणा ऐकण्यासाठी एप्रिल २०१७ पर्यंत थांबावे लागले, आणि तीही फुल टिल्टच्या प्रकरणात जप्त झालेल्या पैशातून. जे मिळाले ते त्यांच्याच न्यायखात्याच्या बळावर मिळाले. परवाना देणाऱ्या बेटांच्या बळावर नव्हे. ज्या खेळाडूच्या पाठीशी असे न्यायखाते उभे राहणार नाही त्याची स्थिती काय होईल, हे यावरून ताडता येते.

तपशील फुटण्याचा धोका या कथेत गौण ठरला असला तरी तो खोटा नाही. पैसा भरताना जुगारस्थळे सहसा फारसे विचारीत नाहीत, आणि जिंकलेला पैसा काढावयास गेले की ओळखपत्राची प्रत, राहण्याच्या पत्त्याचा पुरावा, कार्डाचे छायाचित्र यांची मागणी करतात. परिणामी माणसाची सारी ओळख त्यांच्या दप्तरी साठते. जानेवारी २०१९ मध्ये एका ऑनलाइन कॅसिनो-समूहाचा असा एक संग्रह परवलीच्या शब्दावाचून उघडा पडलेला आढळला. त्यात सुमारे १० कोटी ८० लक्ष पणांच्या नोंदी, आणि त्यांबरोबर खेळणाऱ्यांची नावे, पत्ते, दूरध्वनी व शिलकी होत्या. कार्डांचे क्रमांक अंशतः झाकलेले होते, हे सुदैव. परंतु कोण किती जिंकला आणि कोठे राहतो एवढे कळणे लुबाडणाऱ्यास पुरेसे असते.

भारतात हाच इतिहास थोड्या निराळ्या वेशात घडला. परकीय चलनाविषयीच्या २०००च्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल इत्यादींसाठी देशाबाहेर पैसा पाठविण्यास मनाई आहे. तेव्हा सागरपार स्थळास भारतीय खेळणाऱ्याकडून पैसा घ्यावयाचा तर तो देशातच, कोणा तिऱ्हाइताच्या खात्यावर घेणे सोयीचे ठरले. यूपीआयच्या प्रसारानंतर ते फारच सोपे झाले. खेळणारा ज्या खात्यावर पैसे पाठवितो ते एखाद्या अपरिचित व्यक्तीचे वा नावापुरत्या दुकानाचे असते. अशा खात्यांना पोलिसांच्या भाषेत ‘म्यूल’ खाती म्हणतात, आणि मराठी वृत्तपत्रे ‘भाडोत्री खाती’. भाडोत्री हा शब्द अधिक नेमका आहे, कारण खाते खरोखरच भाड्याने दिलेले असते. महादेव या नावाने गाजलेल्या प्रकरणात अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप असा की, बेनामी बँकखात्यांच्या एकावर एक थरांतून पैसा फिरविला जात होता. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने महादेवसह २२ जुगारस्थळे व ॲप बंद करण्याचा आदेश दिला. अशा भाडोत्री खात्यांचा तपास सुरू झाला म्हणजे त्यांच्याशी व्यवहार झालेली इतर खातीही गोठविली जाऊ शकतात, आणि त्यांत जिंकलेला पैसा ज्याच्या खात्यावर आला त्याचे पगाराचे खातेही असते.

तांत्रिक बाजूने पाहता यूपीआयचा पत्ता दुसऱ्यास कळल्याने खात्यातून पैसा जात नाही, त्यासाठी खातेदाराचा गुप्तांक लागतो. कार्डाची गोष्ट वेगळी. देशातील ऑनलाइन व्यवहारांना रिझर्व्ह बँकेने २००९ पासून दुसऱ्या खुणेची अट घातली, परंतु परकीय व्यापाऱ्याने कार्डाच्या अंकांवरच पैसा ओढला तर ती अट दीर्घकाळ लागू नव्हती. मुंबईच्या खातेदारास संदेशातील सहा अंकांची सवय झाल्यामुळे, ते आल्यावाचून पैसा जाणार नाही असे त्याला वाटते. हे अंक म्हणजे देशाच्या सीमेवरील नाका आहे, आणि सागरपार व्यापाऱ्याची वाट त्या नाक्यावरून जातेच असे नाही.

दाद मागण्याचा प्रश्न उरतो. १८७२च्या करार कायद्याचे ३०वे कलम पैजेचा करार शून्य ठरविते व पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा करू देत नाही. मुंबई इलाख्यात १८६५च्या कायद्याने पैजेच्या अनुषंगाने झालेले दुय्यम करारही शून्य ठरविले होते. १९५९ मध्ये घेरूलाल पारख प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पैज ही शून्य असली तरी तेवढ्यावरून तिचा हेतू बेकायदेशीर ठरत नाही असा निर्णय दिला, आणि त्या निर्णयातही मुंबईचा हा अपवाद नमूद आहे. याज्ञवल्क्याने सांगितलेली व्यवस्था येथे आठवते. द्यूतगृहाचा सभिक राजाने नेमलेला असेल, राजाचा वाटा दिला गेला असेल, आणि खेळ उघडपणे झाला असेल, तरच जिंकलेला पण राजाने मिळवून द्यावा, एरवी नाही. कौटिल्यानेही द्यूताध्यक्षाने खेळ एकाच ठिकाणी चालवावा आणि अन्यत्र खेळणाऱ्यास १२ पण दंड करावा असे म्हटले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा संमत केला त्याने पैसा लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालविण्यास, त्यांची जाहिरात करण्यास आणि बँकांनी त्यांचे व्यवहार करण्यास मनाई केली आहे, आणि चालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. खेळणाऱ्यास त्यात शिक्षा नाही. परंतु सागरपार स्थळाकडे राहिलेली त्याची शिलकीची रक्कम कोणत्या न्यायालयाने, कोणत्या नावाखाली परत मिळवून द्यावी, याविषयी त्यात काही म्हटलेले नाही.